डिजिटल तंत्रज्ञान आणि बदलता कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल तंत्रज्ञानामुळे कायदा बदलतो, म्हणजे नेमके काय बदलते?

पुष्कळांना वाटते की संसदेने नवा कायदा केला की बदल झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला आणि त्यानंतर बरेच कायदे झाले, हे खरेच आहे. पण पुरावा कायदा शिकवताना मला खरा बदल जुन्या शब्दांच्या अर्थात दिसतो. 'दस्तऐवज', 'सही', 'मूळ प्रत', 'बजावणी', 'समक्ष' हे शब्द दीडशे वर्षे कोर्टात रुळलेले आहेत. आता प्रत्येकाला पुन्हा विचारावे लागते की तुझा अर्थ काय.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई हे 2003 चे प्रकरण मी वर्गात सर्वांत आधी सांगतो. मुंबईतील एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतल्या एका डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची होती. ते साक्ष द्यायला तयार होते, पण भारतात यायला तयार नव्हते. आरोपीच्या 'उपस्थितीत' साक्ष नोंदवावी असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 273 मध्ये लिहिलेले होते. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर समोर दिसणारा, ऐकू येणारा, उलटतपासाला उत्तरे देणारा साक्षीदार 'उपस्थित' मानावा की नाही, एवढाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने तो उपस्थित मानला. संहितेतला एक शब्दही न बदलता कोर्टाच्या चार भिंती हलल्या. 6 एप्रिल 2020 रोजी कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने दूरस्थ सुनावणीचे निर्देश दिले, तेव्हा त्याची पायाभरणी सतरा वर्षे आधी झालेली होती.

व्हॉट्सॲपवरचे संदेश कोर्टात पुरावा म्हणून चालतात का?

चालतात, पण नुसते छापील स्क्रीनशॉट पुढे केले म्हणून चालत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वी हीच गोष्ट जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब मध्ये होती. नव्या कायद्यातील या प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत. 'अ' भाग ज्याच्या ताब्यात ते साधन आहे त्याने भरायचा आणि 'ब' भाग तज्ज्ञाने. दोन्हींत त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ, लिहायचे असते.

मूळ फोनच कोर्टात हजर केला आणि फोनच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून तो आपलाच असल्याचे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. म्हणूनच फोन सांभाळणे फार महत्त्वाचे ठरते. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी गृहस्थ ओळखीतून माझ्याकडे आले होते. व्यापाऱ्याशी सोयाबीनच्या भावाचे सगळे बोलणे व्हॉट्सॲपवर झालेले. त्यांनी प्रत्येक संदेशाची रंगीत प्रिंट काढून, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घालून आणली होती, आणि तो फोन मात्र नवा घेताना दुकानात देऊन टाकला होता. त्यांच्या दृष्टीने कागद म्हणजे पुरावा आणि फोन म्हणजे यंत्र. कायद्याच्या दृष्टीने ते नेमके उलटे होते, आणि ही गोष्ट वेळेवर सांगणारे त्यांना कोणी भेटले नव्हते.

कलम 65-ब च्या संदर्भात जालन्याच्या प्रकरणाचा उल्लेख नेहमी का होतो?

कारण देशभरातला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा गोंधळ ज्या निकालाने बऱ्याच अंशी निस्तरला, तो जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीतून आला. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला आव्हान दिले. अर्ज भरण्याची मुदत 27 सप्टेंबर 2014 रोजी दुपारी तीन वाजता संपत होती आणि विजयी उमेदवाराचे अर्ज त्यानंतर दाखल झाले, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे होते, त्यामुळे कोण किती वाजता आत आले ते चित्रणात दिसत होते.

अडचण प्रमाणपत्राची होती. चित्रणाच्या सीडी सरकारी यंत्रणेने दिल्या, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष पुरेशी मानून 2017 मध्ये निवड रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा तिथे दोन परस्परविरोधी मते होती : अन्वर विरुद्ध बशीर या 2014 च्या निकालानुसार प्रमाणपत्र अनिवार्य, तर 2018 च्या शफी मोहम्मद निकालानुसार न्यायासाठी ते शिथिल करता येण्याजोगे. खालच्या कोर्टांनी यातले काय पाळायचे, हे वकिलाच्या हातात कोणता निकाल आहे यावर ठरत होते.

14 जुलै 2020 रोजी न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने सांगितले की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्या पक्षकाराने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले, कोर्टाकडे अर्जही केला, आणि तरीही ज्याच्या हातात ते देणे होते त्याने दिले नाही, त्याला अशक्य गोष्ट न केल्याबद्दल शिक्षा देता येणार नाही. जालन्याच्या प्रकरणात नेमके हेच घडलेले असल्याने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला.

हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण पुराव्याची शुद्धता आणि सामान्य पक्षकाराची असहायता या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वेळी पाहिल्या. चित्रण सरकारच्या ताब्यात, प्रमाणपत्र सरकारच्या हातात, आणि सिद्ध करण्याचा भार मात्र नागरिकावर, ही स्थिती आज जवळजवळ प्रत्येक सीसीटीव्ही प्रकरणात असते.

हॅश मूल्य म्हणजे काय, आणि कायद्याला त्याची गरज का पडली?

वर्गात मी एक साधी फाइल करतो. तिच्यात एकच वाक्य असते : 'मी 5000 रुपये दिले.' तिचे एसएचए-256 पद्धतीने हॅश काढले की 64 अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. मग वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम पुसतो आणि पुन्हा हॅश काढतो. वाक्याचा अर्थ तोच, पैसे तेवढेच, पण मिळालेली ओळ पहिल्या ओळीहून अगदी वेगळी असते. पूर्णविराम परत टाकला की पहिली ओळ जशीच्या तशी परत येते. मुद्देमालावरचे लाखेचे सील जे काम करते तेच काम इथे ही ओळ करते. जप्तीच्या दिवशीची ओळ आणि पुराव्याच्या दिवशीची ओळ एकच असेल, तर मधल्या काळात फाइलला कुणी हात लावलेला नाही.

मात्र हॅश फक्त एवढेच सांगते. जप्तीच्या आधीच कुणी संदेश बनवला असेल, तर बनावट संदेशाचेही हॅश तितकेच नेटके येते. उलटतपासात हा फरक विचारला जात नाही, याची मला काळजी वाटते. दुसरी गोष्ट नमुन्याची. त्यात एसएचए-256 च्या जोडीला एमडी-5 आणि एसएचए-1 हेही पर्याय छापलेले आहेत. या दोन जुन्या पद्धतींत दोन वेगळ्या फाइलींचे हॅश एकच येईल अशी रचना करता येते, हे केव्हाच दाखवले गेले आहे. एसएचए-1 बाबत ते 2017 मध्ये झाले. 2023 मध्ये संमत झालेल्या साक्ष्य अधिनियमात हे पर्याय ठेवायला नको होते. ज्यांना प्रमाणपत्र तयार करायचे आहे त्यांनी एसएचए-256 हाच रकाना वापरावा.

'ब' भागातील तज्ज्ञ कोण, हे कायद्यात स्पष्ट आहे का?

पुरेसे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79-अ खाली अधिसूचित परीक्षक असतात, त्यांच्या मताला साक्ष्य अधिनियमात स्थान आहे. परंतु मुलाच्या शाळेच्या फीवरून किंवा हातउसन्या पैशांवरून चाललेल्या तालुका कोर्टातल्या दाव्यात प्रत्येक वेळी अशी संस्था कुठून आणायची? तज्ज्ञ या शब्दाचा अर्थ प्रकरणाच्या स्वरूपाप्रमाणे लवचिक घ्यावा असे माझे मत आहे. याशिवाय कलम 57 च्या स्पष्टीकरणांनी योग्य ताब्यातून आलेल्या डिजिटल नोंदीला प्राथमिक पुरावा म्हटले आहे, तर कलम 63 तिच्यासाठी प्रमाणपत्र मागते. प्राथमिक पुराव्याला प्रमाणपत्र कशाला, हा प्रश्न अभ्यासकांनी नेटाने मांडण्यासारखा आहे.

व्हॉट्सॲपवर आलेली नोटीस किंवा समन्स बंधनकारक असते का?

ती कोणी, कशासाठी पाठवली यावर ते अवलंबून आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका दरखास्तीत, म्हणजे आधीच्या आदेशाच्या अंमलबजावणीच्या अर्जात, प्रतिवादी सापडत नव्हता. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस त्याने नुसती स्वीकारली नव्हती, तर जोडलेली पीडीएफ उघडलीही होती, हे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या निळ्या खुणांवरून मान्य केले. याच्या उलट, पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 35 खालील नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितले. त्या नोटिशीकडे दुर्लक्ष झाले तर माणसाला अटक होऊ शकते. जिथे स्वातंत्र्य पणाला लागते तिथे बजावणी हातात कागद देऊनच झाली पाहिजे, हा भेद मला रास्त वाटतो.

ऑनलाइन केलेले करार आणि सह्या वैध असतात का?

केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10-अ सांगते. महाराष्ट्रातील शहरांत राहणाऱ्यांना याचा अनुभव लिव्ह अँड लायसन्सच्या करारात येतो. तो लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार आवश्यक आहे, आणि आता ती नोंदणी घरबसल्या, आधारशी जोडलेल्या अंगठ्याच्या ठशावर होते. सातबाराचेही तसेच. पंधरा रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा कायदेशीर कामासाठी चालतो. ज्यांनी नकलेसाठी तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारल्या आहेत, त्यांना यातला दिलासा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पोलिसांनी झडतीचे चित्रीकरण करणे आता सक्तीचे आहे का?

होय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती, जप्ती, जप्त वस्तूंची यादी आणि तिच्यावरील पंचांच्या सह्या यांचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे असते, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. त्यासाठी मोबाइल फोन चालतो. 'पंच फुटले' म्हणून कोसळलेल्या खटल्यांची संख्या पाहता ही सुधारणा मोठी आहे. चित्रीकरण न केल्यास जप्तीचे काय व्हावे, याचे उत्तर मात्र या कलमात नाही. ते न्यायनिर्णयांतून घडवावे लागेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शोधलेले न्यायनिवाडे कोर्टात देता येतात का?

पडताळल्याशिवाय मुळीच देऊ नयेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या साधनांमागची भाषेची प्रारूपे शब्दापुढे शब्द संभाव्यतेने मांडत जातात. निकालाचे शीर्षक कसे दिसते, खंड व पान कसे लिहितात, परिच्छेदाचा सूर कसा असतो, हे त्यांना चांगले अवगत असते. त्यामुळे अस्तित्वातच नसलेला निकालही अगदी खऱ्यासारखा उतरतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात 2023 मध्ये माटा विरुद्ध एव्हिआंका या प्रकरणात वकिलांनी असे सहा काल्पनिक निकाल सादर केले आणि त्यांना 5,000 डॉलरचा दंड झाला. हे दूरचे उदाहरण राहिलेले नाही. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका प्राप्तिकर आकारणीचे प्रकरण आले, ज्यात आकारणीच्या आदेशातच अस्तित्वात नसलेल्या न्यायनिवाड्यांचा आधार घेतलेला होता. न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वकिलाची चूक समोरचा वकील पकडू शकतो. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यानेच असे केले, तर ज्याच्याविरुद्ध आदेश आहे त्याला अपिलापर्यंत धावावे लागते.

पडताळणी आता सोपी आहे, म्हणून सबबीला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे जानेवारी 2023 पासून ई-एससीआर या न्यायालयाच्याच ऑनलाइन संग्रहात विनामूल्य आहेत. त्याच वर्षापासून प्रत्येक निकालाला '2023 आयएनएससी' अशा धर्तीचा तटस्थ, म्हणजे कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून नसलेला, क्रमांक मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकांत 'बीएचसी' हे अक्षरसमूह असतात. जिल्हा न्यायालयाच्या प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर हा ओळख क्रमांक असतो आणि पुण्याचा 'एमएचपीयू' ने सुरू होतो. निकाल उघडून, ज्या परिच्छेदाचा आधार घेतला तो परिच्छेद स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय युक्तिवादात लिहू नये. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो परिच्छेद वहीत हाताने उतरवायला लावतो.

मग न्यायालये स्वतः कृत्रिम बुद्धिमत्ता वापरतात का?

सहायक कामांसाठी वापरतात. भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली 2019 मध्ये आली. 21 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयात घटनापीठापुढील युक्तिवादाचे यंत्राने तत्क्षणी शब्दांकन करण्याचा प्रयोग पहिल्यांदा झाला, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातील सत्तांतराचे होते. निर्णय देण्याच्या कामात मात्र सीमा आखली जात आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी धोरण काढून, निष्कर्ष काढणे, दिलासा देणे किंवा निकाल देणे यांसाठी अशी साधने वापरण्यास मनाई केली.

भाषांतराबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाचा संबंध इथेच येतो. इंग्रजी निकालाच्या आरंभी 'लीव्ह ग्रँटेड' असते. त्याचा अर्थ अपील दाखल करण्याची परवानगी दिली, असा आहे. यंत्राला संदर्भ कळला नाही तर तो मराठीत 'रजा मंजूर' होईल. 'सेट असाइड' म्हणजे रद्द केले, बाजूला ठेवले नव्हे. कायद्याची मराठी परिभाषा भाषा संचालनालयाच्या कोशांतून आणि तालुका कोर्टांच्या रोजच्या वापरातून घडलेली आहे. म्हणून यंत्राच्या मराठीवर कायदा जाणणाऱ्या मराठी माणसाची शेवटची नजर फिरलीच पाहिजे. निकाल वाचणारा पक्षकार बहुधा तोच मजकूर अंतिम समजणार असतो.

कायद्याच्या संशोधनात नेमका काय फरक पडला आहे?

कायद्याचा अभ्यास पूर्वी मुख्यतः वरच्या कोर्टांच्या छापील निवाड्यांचा अभ्यास होता. ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर या निवाड्यांच्या मालिकेचे) सलग खंड असतील तिथेच संशोधन व्हायचे. 2008 मध्ये इंडियन कानून हे निवाडे शोधण्याचे संकेतस्थळ सुरू झाले आणि लातूर किंवा गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला दिल्लीच्या विद्यार्थ्याइतकाच मजकूर मिळू लागला. माझ्या मते भारतीय विधिशिक्षणात या शतकात याहून मोठी समता आणणारी घटना घडलेली नाही.

दुसरा बदल प्रश्नांच्या स्वरूपात आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प 2007 मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी रुपये मंजूर झाले. त्यातून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर खालच्या कोर्टांची आकडेवारी रोज दिसू लागली. 'निकालात काय म्हटले' यापलीकडे जाऊन 'तारखा किती पडल्या', 'जामीन कुणाला मिळतो' असे प्रश्न विचारता येऊ लागले. 2010 ते 2018 मधील 50 लाखांहून अधिक फौजदारी प्रकरणांच्या नोंदी घेऊन अर्थशास्त्रज्ञांनी तपासले की न्यायाधीश आणि आरोपी एकाच धर्माचे किंवा लिंगाचे असतील तर सुटकेची शक्यता वाढते का. सरासरी पाहता असा परिणाम आढळला नाही. एखाद्या निवाड्याच्या वाचनातून हे उत्तर कधीच मिळाले नसते.

तरीही सावध राहायला हवे. या नोंदी कोर्टातील कर्मचारी रोजच्या धावपळीत भरतात, त्यामुळे एकाच कलमाचे नाव दहा प्रकारे लिहिलेले सापडते. मराठवाड्यातील वारसाहक्काच्या दाव्यांवर काम करू पाहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला पहिले चार महिने केवळ मराठी आदेश वाचण्याजोगे करण्यात घालवावे लागले. जुने आदेश स्कॅन केलेली चित्रे होती, आणि त्यानंतरचे जुन्या मराठी फॉन्टमधले असल्याने युनिकोडमध्ये उघडले की निरर्थक रोमन अक्षरे दिसत. ज्या भाषेत सामान्य माणसाचा न्याय होतो, तीच भाषा शोधयंत्राला दिसत नाही, आणि मग संशोधन पुन्हा इंग्रजी निवाड्यांकडे वळते.

आवाजाची किंवा चेहऱ्याची नक्कल झाली तर कायदा काय करतो?

जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि आवाज हा व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भाग मानला. प्रसिद्ध व्यक्तीला व्यावसायिक हानी दाखवता येते. गावातल्या मुलीच्या चेहऱ्याची बनावट चित्रफीत फिरली, तर तिला हाच हक्क तितक्या लवकर कसा मिळेल, यावर आपल्याकडे पुरेसे लेखन झालेले नाही.

माझ्या माहितीवर माझा हक्क आहे का?

24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात उल्लंघनासाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम 44 ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची व्याप्ती वाढवली, ही गोष्ट माहिती अधिकाराची चळवळ पाहिलेल्या महाराष्ट्रात अधिक चर्चिली जायला हवी.

'डिजिटल अरेस्ट' कोणत्या कायद्यात आहे?

कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस किंवा कोर्ट असल्याचे भासवून, व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला अटक झाली आहे' असे सांगून पैसे उकळण्याच्या फसवणुकीचे हे नाव आहे. व्हिडिओ कॉलवर कोणीही कुणाला अटक करू शकत नाही. पडद्यावर कोर्ट, शिक्का, गणवेश काहीही दिसले तरी कॉल तोडावा, घरातल्या माणसांना सांगावे, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते. आलेले संदेश पुसू नयेत, फोन रीसेट करू नये, आणि तो फोन दुरुस्तीला किंवा बदलून देऊ नये. तक्रारीनंतर कलम 63 चे प्रमाणपत्र त्याच फोनवरून तयार करावे लागते.